गिरण्यांच्या जमिनी आणि कामगारांचा वाटा

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी जो संप सुरू केला तो रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही; आणि त्यानंतरच्या काळात परळ, लालबाग, वरळी, भायखळा या भागांतील भोंगे एकामागून एक बंद पडत गेले, तेव्हा शहराच्या ऐन मध्यभागी सुमारे सहाशे एकर जमीन नव्या धन्याची वाट पाहत उभी राहिली. या जमिनीचे काय करावयाचे, हा प्रश्न केवळ गिरणीमालकांचा नव्हता. तो त्या परिसरातल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत दोन-दोन पिढ्या काढलेल्या माणसांचाही होता.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते मला आजही न्याय्य वाटते. गिरणीची जमीन विकासासाठी खुली करावयाची असेल तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे पडावेत, एक महानगरपालिकेकडे मैदाने व उद्याने यांसाठी जावा, दुसरा म्हाडाकडे सार्वजनिक घरांसाठी जावा आणि उरलेला मालकाने आपल्या मर्जीप्रमाणे वापरावा, अशी ती तरतूद होती. जमीन जितकी मोठी तितका म्हाडाचा वाटा मोठा. पाच हेक्टरांपर्यंत 27 टक्के, दहापर्यंत 34 आणि त्याहून अधिक असल्यास 37.

तथापि, पुढील दहा वर्षांत फार थोडे मालक या वाटेने आले. दोन-तृतीयांश जमीन हातची सोडण्यापेक्षा जुन्या इमारतींतच फेरबदल करून त्यांचा व्यापारी उपयोग करणे त्यांना सोयीचे होते. 1996 मध्ये सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या 25 गिरण्यांच्या जमिनींचा सुटासुटा नव्हे, तर एकत्रित विचार व्हावा, असे तिने सुचविले. तो अहवाल दप्तरातच राहिला.

मग 2001 साल उजाडले आणि नियमात दुरुस्ती झाली. वाटपाचे तत्त्व कायम राहिले. बदलले ते एवढेच की, वाटणी संपूर्ण जमिनीची न होता, केवळ बांधकामाखाली नसलेल्या मोकळ्या जमिनीची व्हावी. या चार शब्दांचा परिणाम किती दूरवर गेला, हे एका कल्पित उदाहरणाने ध्यानात येईल. सहा हेक्टरांची एक गिरणी घ्या. तिच्यातील पाच हेक्टर साचेखाते, कताईखाते, गोदामे आणि बॉयलरघर यांनी व्यापले आहेत असे समजा. पूर्वीच्या नियमाने म्हाडाला दोन हेक्टर मिळाले असते. दुरुस्तीनंतर मोकळा असा एकच हेक्टर हिशेबात येतो आणि म्हाडाच्या पदरी त्याचा फार तर तिसरा हिस्सा पडतो. पुढे ती पत्र्याची छपरे उतरवली, भिंती पाडल्या, डोळ्यांना सपाट मैदान दिसू लागले, तरी त्या पाच हेक्टरांना कायद्याच्या दृष्टीने मोकळी जमीन म्हणावयाचे नाही.

याच दुरुस्तीने म्हाडाच्या वाट्यातील घरांवर गिरणी कामगारांचा हक्क प्रथमच नावानिशी नोंदवला, हेही सांगितले पाहिजे. आणि बंद गिरण्यांतील कामगारांची थकलेली देणी जमीन विकल्याखेरीज भागणार नव्हती, हा सरकारचा युक्तिवादही पोकळ नव्हता. परंतु ज्या घरांवर हक्क दिला, ती बांधावयाची जमीनच आक्रसावी, हे मला कोणत्याही युक्तिवादाने पटत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये जनहित याचिकेवर निकाल देताना दुरुस्तीचा मालकांना अनुकूल अर्थ अमान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2006 रोजी तो निकाल फिरवला आणि दुरुस्ती टिकली.

या जमिनीचे मोल काय होते? लोअर परळची मुंबई टेक्सटाइल मिल 2005 मध्ये लिलावात 702 कोटी रुपयांना गेली, आणि तीच जमीन 2012 मध्ये सुमारे 2,700 कोटींना पुन्हा विकली गेली.

त्याच 2012 साली कामगारांसाठी 6,925 घरांची पहिली सोडत निघाली. सव्वादोनशे चौरस फुटांचे घर, पण त्यात स्वतःचे शौचालय आणि दाराला स्वतःचे कुलूप. चाळीत सामाईक नळावर आयुष्य गेलेल्या माणसाला त्याची किंमत समजावून सांगावी लागत नाही. पुढे 2016 मध्ये 2,634, पनवेलजवळच्या कोनमधील 2,417 आणि 2020 मध्ये 3,894 अशी भर पडली. अर्ज मात्र पावणेदोन लाखांच्या आसपास आहेत. म्हणजे दहांतील एकालाही घर लाभलेले नाही, अनेक अर्जदार वारसांच्या हाती कागद ठेवून निघून गेले, आणि उरलेल्यांना आता मुंबईबाहेरच्या शेलू-वांगणीकडे बोट दाखवले जाते. घामाने ज्या परिसराला नाव मिळवून दिले, तेथेच घर मिळावे, ही त्यांची मागणी मला रास्त वाटते.

पुनर्विकासाच्या योजना आज मुंबईतच नव्हे, तर अनेक शहरांत आखल्या जात आहेत, आणि त्यांतील परवडणाऱ्या घरांचे प्रमाण अधूनमधून दुरुस्त होत असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या 37 व्या कलमाखाली असा फेरबदल करण्यापूर्वी हरकती व सूचना मागवणारी सूचना राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते. वाचकांनी ती वाचावी, आणि किती टक्के हे पाहण्याआधी ते टक्के कशाचे धरले आहेत, याची लेखी विचारणा मुदतीत करावी.