खेळपेटी : भाग ५ – आधी मल्टिमीटर, मग सोल्डरिंग

गेल्या आठवड्यात प्लायवूडच्या पेटीला ३० मिलिमीटरची भोकं पाडून झाली. ज्यांनी खरोखरच पाडली, त्यांच्या टेबलावर आता बटणं बसवलेली पेटी आणि सान्वा कंपनीची जॉयस्टिक असेल. बटणं छान टकटक वाजतात, दांडा चारी दिशांना फिरतो आणि त्याचा कुणालाच पत्ता नसतो. पेटीला मेंदू हवा. तो आपण एका चालू गेमपॅडच्या पोटातून काढणार आहोत. या उद्योगाला खेळणाऱ्यांच्या भाषेत ‘पॅडहॅक’ म्हणतात.

चांगला पॅड फोडायचा कशाला, असं घरचे विचारतीलच. उत्तर असं, की गेमिंग कन्सोल कुणालाही दारात उभं करत नाही. एक्सबॉक्स ३६० ला जोडणाऱ्या पॅडमध्ये ओळख पटवणारी चिप असते, ती नसेल तर कन्सोल ढुंकून बघत नाही. प्लेस्टेशन ४ त्याहून बेरकी. ते परक्या पॅडला खेळू देतं आणि आठ मिनिटांनी, ऐन रंगात आलेल्या सामन्यात, बाहेर काढतं. म्हणजे अस्सल पॅडचा बोर्ड हे आपलं ओळखपत्र. फक्त कॉम्प्युटरवर खेळणार असाल तर मात्र सरळ रास्पबेरी पाय पिको घ्या. २०२१ साली आलेला हा बोटभर बोर्ड, त्यावर जीपी२०४०-सीई हे फुकटचं सॉफ्टवेअर चढवलं की काम झालं. सोल्डरिंग त्यातही आहे, पण ओरबाडणं नाही.

आता पॅड उघडू. वरचं प्लास्टिक काढलं की बटणांखाली रबराची चादर दिसते. प्रत्येक बटणाच्या पोटाला एक काळी टिकली असते आणि तिच्याखाली बोर्डावर दोन तांब्याच्या नक्ष्या एकमेकींत बोटं गुंतवलेल्या, पण न टेकलेल्या. बटण दाबलं की टिकली दोन्ही नक्ष्यांवर बसते आणि त्या जोडल्या जातात. चिपला कळायचं ते एवढंच. आपल्या आर्केड बटणातला मायक्रोस्विच हेच करतो, फक्त जास्त खणखणीतपणे. त्याच्या दोन पायांमध्ये उलटसुलट असा भेद नाही.

या दोन नक्ष्यांपैकी एक चिपकडे जाते, ती सिग्नलची. दुसरी कुठे जाते, यावर तुमचा पुढचा रविवार कसा जाणार ते ठरतं. काही पॅडमध्ये सगळ्या बटणांची दुसरी बाजू एकाच ग्राउंडला मिळालेली असते. हा ‘कॉमन ग्राउंड’ बोर्ड. हिशेब करून बघा : आठ बटणं, स्टार्ट, सिलेक्ट, होम आणि चार दिशा मिळून १५ सिग्नल. कॉमन ग्राउंड असेल तर बोर्डावर १६ टाके, नसेल तर ३० पर्यंत. शिवाय सान्वाच्या जेएलएफ जॉयस्टिकमधून पाचच तारा बाहेर येतात, चार दिशांच्या आणि एक सामाईक ग्राउंडची. दिशांची दुसरी बाजू वेगवेगळी असलेल्या बोर्डावर ही जॉयस्टिक सरळ चालतच नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : पॅडहॅक बिघडतो तो हात थरथरल्यामुळे कमी आणि चुकीचा पॅड निवडल्यामुळे जास्त. पहिल्या प्लेस्टेशनचा साधा, अॅनालॉग दांडे नसलेला पॅड या कामात फार लाडका आहे, कारण तो कॉमन ग्राउंडवाला. ड्युअलशॉक २ च्या नादी मात्र पहिल्याच वेळी लागू नका. तिथे बटण दाबलं का, एवढ्यावर भागत नाही. किती जोरात दाबलं हेही मोजलं जातं.

ओळखायचं कसं? पॅड कशालाही जोडलेला नको. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा. एक काडी यूएसबी प्लगच्या धातूच्या कवचाला किंवा बोर्डावर जिथे यूएसबीची काळी तार येते त्या टाक्याला लावा. दुसरी काडी एकेका बटणाच्या दोन्ही नक्ष्यांवर टेकवत जा. प्रत्येक बटणाची एक बाजू बीप देत असेल तर नशीब उघडलं. हे करताना बोर्डाचा फोटो छापून घेऊन त्यावरच पेनने खुणा करा. नंतर तारांच्या जंजाळात आठवणीवर विसंबणं म्हणजे अंधारात सुई शोधणं.

मग सोल्डरिंग. २५ वॅटची गन पुरते. नक्ष्यांवर बहुतेकदा काळा कार्बन असतो, त्याला सोल्डर धरत नाही. ब्लेडच्या टोकाने, ओरखडा खोल न जाऊ देता, तो हलकेच खरवडायचा. खाली लालसर तांबं चमकलं की थांबायचं. त्यावर थोडी पेस्ट, मग सोल्डरचा बारीक थेंब. तारेच्या टोकालाही वेगळा थेंब. शेवटी तार थेंबावर ठेवून गन दोन सेकंद टेकवायची. दोन्ही थेंब एकमेकांत मिसळतात, गन उचलायची आणि हात न हलवता श्वास रोखून धरायचा. टाका नितळ, बाजूंना उतरता दिसला तर पक्का. गोळीसारखा वर बसला असेल तर तो ड्राय सोल्डर, पुन्हा करा.

तार पातळच हवी. जुन्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्कची ४० तारांची चपटी राखाडी केबल सोलली तर २८ गेजची उत्तम तार मिळते. लॅमिंग्टन रोडवर अशा केबलचे गठ्ठे पडलेले मी पाहिले आहेत. सगळ्या तारा एकाच रंगाच्या, त्यामुळे प्रत्येकीला चिठ्ठी चिकटवणं आलं.

माझा पहिला बोर्ड मी जाड तारेने घालवला. सोळाही टाके झाले होते. कौतुकाने बोर्ड उचलला, तर जाड तार ताठ राहिली आणि तिने तांब्याची आख्खी नक्षी सालासारखी सोलून आणली. पुढे त्या नक्षीतून निघणारी तांब्याची रेघ बोर्डावर जिथे दुसऱ्या ठिपक्यात निघते तिथे टाका घालून कसंबसं निभावलं. तेव्हापासून चार टाके झाले की त्यांच्या तारांवर ग्लू गनचा ठिपका टाकतो. ओढ बसली तर ती गोंदावर बसते.

बटणांच्या बाजूला सोल्डर करू नका, उष्णतेने प्लास्टिक ढिलं पडतं आणि पुढे बटण बदलणं अशक्य होतं. तारेच्या टोकाला दाबून बसवायचा आणि बटणाच्या पायावर सरकवायचा लग वापरा. सान्वाच्या बटणाला २.८ मिलिमीटरचा लग लागतो. मोटारीच्या वायरिंगसाठी सहज मिळतो तो ६.३ चा, तो इथे झुलतो. ग्राउंडची एकच तार बटणाकडून बटणाकडे फिरवा आणि शेवटच्या बटणावरून परत बोर्डाच्या ग्राउंडला आणा. म्हणजे मध्ये एक लग निसटला तरी पुढची सगळी बटणं मरत नाहीत.

प्रत्येक चार तारांनंतर पॅड कॉम्प्युटरला लावून विंडोजची गेम कंट्रोलरची खिडकी उघडा. बटण दाबल्यावर तिथला लाल गोळा पेटला पाहिजे. सोळा टाके घालून मग एकदम तपासलं तर दोष नेमका कुठे, ते शोधण्यातच संध्याकाळ जाते.

पॅडच्या मागच्या ट्रिगरचे पाय मात्र अजून कापू नका. तिथे स्विच नसतो, दाबाप्रमाणे बदलणारं व्होल्टेज असतं. ते नुसतं तोडलं तर ट्रिगर अर्धवट दाबलेलाच आहे असं खेळाला वाटू शकतं. त्यासाठी लागणारे रेझिस्टर पुढच्या आठवड्यात लावू. तोवर १० किलोओहमचे चार आणून ठेवा.