विश्लेषण : शिडाच्या होडीतून तलावाची सफर... मित्रांचा निवांत दिवस सुरक्षित कसा राहतो?

पावसाळ्यात तुडुंब भरलेली धरणे दिवाळीनंतर शांत होतात आणि शनिवार-रविवारी शहरांतील मित्रमंडळी जलाशयांची वाट धरतात. काठावर तंबू, शेकोटी, गाण्यांच्या भेंड्या हा बेत जुना झाला. त्याला जोड असते ती पाण्यावरच्या फेरीची. त्यातही शिडाच्या होडीची मजा वेगळी. इंजिनाची घरघर नाही, डिझेलचा वास नाही, कानावर पडतो तो फक्त पाण्याचा चुबुक चुबुक आवाज. मात्र दिसायला निवांत असलेल्या याच तलावांनी गेल्या काही वर्षांत अनेकांचे जीव घेतले आहेत. ही होडी चालते कशी, तलावातला वारा का फसवतो आणि निघण्यापूर्वी कोणती काळजी घ्यायची, याविषयी...

शिडाची होडी चालते कशी?

वारा मागून ढकलतो आणि होडी पुढे जाते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. वारा बाजूने येत असतो तेव्हा शिडाचे काम विमानाच्या पंखासारखे चालते. फुगलेल्या शिडाच्या एका बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि होडी त्या बाजूला ओढली जाते. ही ओढ काहीशी पुढे, तर बरीचशी आडवी असते. आडव्या ओढीला अडवते ती होडीच्या तळातून पाण्यात सोडलेली उभी फळी, म्हणजेच सेंटरबोर्ड. आडवे सरकणे असे रोखले गेले की उरलेली ओढ होडीला पुढे नेते. ओला साबण दोन बोटांत दाबला की तो पुढे निसटतो, तसाच काहीसा हा प्रकार.

मात्र कोणतीही शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दिशेच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा पट्टा तिच्यासाठी बंदच असतो. समोरून वारा येत असेल तर एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे अशी नागमोडी वाट काढत पुढे जावे लागते. त्यामुळे काठावरून सरळ रेषेत एक किलोमीटर दिसणारे अंतर प्रत्यक्षात दीड किलोमीटरपर्यंत वाढू शकते. परतीच्या वेळेचे गणित चुकते ते बहुतेकदा इथेच.

निवांत सफरीत काम कोणाला?

सगळ्यांनाच. चार-पाच जणांच्या होडीत एकाच्या हाती सुकाणू असते आणि दुसऱ्याच्या हाती शिडाचा दोर. बाकीच्यांचे काम ऐकायला सोपे, पण तितकेच महत्त्वाचे असते. होडी ज्या बाजूला कलते तिच्या विरुद्ध बाजूला त्यांनी वजन टाकून बसायचे. शिडाच्या छोट्या होडीत माणसांचे वजन हाच समतोलाचा मुख्य आधार. म्हणूनच फोटोसाठी सगळ्यांनी एकदम एका बाजूला सरकणे किंवा एकाच वेळी उभे राहणे धोक्याचे ठरते.

होडीने दिशा बदलली की शिडाखालची आडवी दांडी, म्हणजेच बूम, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरते. वारा मागून असेल तर ती क्षणात आणि जोरात फिरते. अशा होड्यांवरच्या दुखापतींत डोक्याला बसणारा हा फटका नेहमीचा. ‘डोके खाली’ अशी हाक आली की गप्पा थांबवून सर्वांनी वाकायचे, ही सवय निघण्याआधी काठावरच लावून घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट होडीतल्या प्रत्येकाला माहीत हवी. काही बिनसले तर शिडाचा दोर सोडून द्यायचा. दोर सुटला की शीड झेंड्यासारखे फडफडू लागते, त्यातला जोर जातो आणि होडीचा वेग मंदावतो. शिडाच्या होडीला ब्रेक नसतो. असलाच तर तो हा. म्हणूनच छोट्या होडीत हा दोर गाठ मारून कायमचा बांधून ठेवत नाहीत.

तलाव समुद्रापेक्षा सुरक्षित नाही का?

तलावात भरती-ओहोटी नसते, मोठ्या लाटा नसतात आणि काठ सतत नजरेत असतो. त्यामुळे नवख्यांसाठी तलाव बरा, हे खरे. पण त्याचे धोके वेगळे असतात. खुल्या समुद्रावर वारा बराच वेळ एका दिशेने वाहतो. सह्याद्रीच्या कुशीतल्या जलाशयांभोवती मात्र डोंगर, खिंडी आणि सुळके असतात. त्यांना अडून-वळसा घालून येणारा वारा कधी पूर्ण पडतो, तर कधी झोताने येतो आणि दिशाही बदलतो. डोंगराच्या आडोशातून होडी खिंडीसमोर आली की अचानक झोत बसतो. पाण्याच्या पृष्ठभागावर सरकत येणारा गडद, सुरकुतलेला पट्टा ही त्याची आगाऊ सूचना असते. अनुभवी नावाड्याची नजर गप्पा मारतानाही त्या पट्ट्यावर असते.

दुसरा धोका पाण्याखाली असतो. आपले बहुतेक मोठे जलाशय नैसर्गिक तळी नाहीत. धरण बांधल्यावर बुडालेल्या दऱ्या, शेते आणि गावे त्यांच्या पोटात आहेत. पाणी उतरले की उजनीत पळसनाथाचे आणि पवना जलाशयात वाघेश्वराचे मंदिर वर येते. पाणी अर्धवट उतरलेले असताना अशी बांधकामे, झाडांचे बुंधे आणि बांध पृष्ठभागाच्या जेमतेम खाली असतात. सेंटरबोर्ड त्यात अडकला तर होडी जागीच गचका खाते. तिसरा धोका डोक्यावरचा. काही जलाशयांवरून वीजवाहिन्या जातात. होडीची डोलकाठी सहसा अॅल्युमिनियमची असते, त्यामुळे तारांच्या जवळून होडी नेणे जिवावर बेतू शकते.

किती वारा चालतो?

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर दुप्पट नव्हे, तर चौपट होतो. ताशी १० किलोमीटर वाऱ्यात डुलणारी होडी ताशी २० किलोमीटर वाऱ्यात वेगळेच रूप दाखवते ते यामुळेच. वारा मोजायचे यंत्र जवळ नसले तरी बोफर्ट मापनाच्या साध्या खुणा उपयोगी पडतात. झाडांची पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील, तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर समजावा. नवख्यांसोबतच्या सफरीसाठी इतका वारा पुरे. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले, पाण्यावर जागोजागी पांढरा फेस दिसू लागला, की वारा ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. जाणकार सोबत नसेल तर तेव्हा काठावर थांबलेले चांगले.

दिवसाचेही एक वेळापत्रक असते. हिवाळ्यात सकाळी पाणी अनेकदा आरशासारखे असते, दुपारी जमीन तापल्यावर वारा धरतो आणि सूर्य कलला की पडतो. सकाळी होडीची ओळख, दुपारी शीड आणि सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी परत, हा क्रम म्हणूनच सोयीचा. वारा पडल्यावर मध्येच अडकायला नको म्हणून होडीत वल्ही हवीतच. एप्रिल-मे महिन्यांत मात्र वळिवाचा भरवसा नसतो. काळ्या ढगाखालून अचानक सुटणारा गार वारा काही मिनिटांत तलाव खवळवतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी पाण्यातून बाहेर पडून पक्का आसरा गाठायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत पाण्यात जायचे नाही.

आजवरच्या दुर्घटना काय सांगतात?

जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा धरणात सहलीला गेलेल्या तरुण मित्रांची होडी उलटली. त्याआधी काही वेळ होडीतून समाजमाध्यमावर थेट चित्रण सुरू होते. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शालेय सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिकांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेपेक्षा बरेच जास्त जण होते आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. त्यात सहा जणांनी प्राण गमावले.

या बोटी शिडाच्या नव्हत्या. पण धडा सर्वांना लागू आहे. अशा घटनांत पाणी किती खोल होते हा प्रश्न बहुधा दुय्यम असतो. किती माणसे बसली, अंगावर जॅकेट होते का आणि आभाळाकडे पाहून निघायचे की नाही हे कोणी ठरवले, हे तीन प्रश्न निर्णायक ठरतात. आणि या तिन्हींची उत्तरे काठ सोडण्याआधीच ठरलेली असतात.

लाइफ जॅकेट कोणते आणि कसे?

होडीत जॅकेट ‘आहे’ हे पुरेसे नाही. बसायची उशी किंवा टेकायची गादी म्हणून वापरलेले जॅकेट होडी उलटल्यावर हाती लागत नाही. शिवाय पाण्यात पडल्यावर ते घालणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही अवघड जाते. जॅकेटवर तरंगण्याची क्षमता न्यूटनमध्ये लिहिलेली असते. ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असताना चालते. न पोहणाऱ्यांसाठी १०० न्यूटन किंवा त्याहून अधिक क्षमतेचे, मान आणि डोके वर ठेवणारे जॅकेट हवे.

तपासणी सोपी आहे. सर्व बकले लावून दोन्ही हात वर करायचे आणि मित्राला जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगायचे. ते हनुवटी-कानांपर्यंत सरकले तर सैल किंवा मोठे आहे. मुलांना मोठ्यांचे जॅकेट घालू नये. त्यांच्या वजनाला योग्य आणि मांड्यांमधून पट्टा असलेलेच निवडावे. ‘मला पोहता येते’ हे जॅकेट टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. बूमचा फटका बसून शुद्ध हरपलेल्या माणसाला पोहता येत नाही.

होडी उलटलीच तर?

शिडाची छोटी होडी उलटणे ही शिकण्याच्या काळातली नेहमीची बाब आहे. प्रशिक्षणात ती मुद्दाम उलटवून परत सरळ करायला शिकवतात. या होड्यांत हवाबंद कप्पे असतात, त्यामुळे त्या उलटल्या तरी सहसा बुडत नाहीत. म्हणून पहिला नियम म्हणजे होडी सोडायची नाही. काठ ‘इथेच तर आहे’ असे वाटून पोहत निघणे ही सर्वांत घातक चूक असते. पाण्यावरचे अंतर नजरेला कमी भासते. त्यात ओले कपडे, लाटा आणि घाबरलेला श्वास यांमुळे दम लवकर लागतो. शिवाय शोधायला येणाऱ्याला पाण्यावरचे एकटे डोके दिसत नाही, उलटलेली होडी मात्र दुरून दिसते.

आधी नावे घेऊन माणसे मोजायची. कोणी शिडाखाली किंवा दोरात अडकलेले नाही ना, हे पाहायचे. मग एकाने सेंटरबोर्डवर भार देऊन होडी हळूहळू सरळ करायची, बाकीच्यांनी तिला धरून राहायचे. दोन-तीन प्रयत्नांत जमले नाही तर शक्ती वाया न घालवता होडीला धरून शिट्टी वाजवायची. पाणीबंद पिशवीत गळ्यात अडकवलेला मोबाइल असेल तर ११२ क्रमांक लावता येतो. मोबाइल बॅगेत आणि बॅग पाण्यात, अशी स्थिती असेल तर त्याचा उपयोग नाही.

रीतसर शिकायचे कुठे?

तलावांवर हा खेळ देशात चांगलाच रुजला आहे. पुण्याजवळ खडकवासला जलाशयाच्या पीकॉक बे भागात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाची होडी हाकायला शिकतात. हैदराबादच्या हुसेनसागर तलावात दरवर्षी राष्ट्रीय पातळीवरील शर्यती होतात. भोपाळच्या बड्या तलावाकाठी नॅशनल सेलिंग स्कूल आहे. तिथे घडलेल्या नेहा ठाकूरने २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत मुलींच्या डिंगी प्रकारात रौप्यपदक मिळवले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, मध्य प्रदेशातल्या गावातून आलेल्या मुलीने तलावात शिकून हे पदक आणले, हे विशेष. सर्वांना शर्यतीत उतरायचे नसते. पण प्राथमिक प्रशिक्षणाचे दोन-तीन दिवस पुढच्या प्रत्येक सहलीला उपयोगी पडतात.

निघण्यापूर्वी काय विचारावे?

धरणांचे जलाशय जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत येतात आणि सगळीकडे नौकाविहाराला मुभा नसते. त्यामुळे होडी भाड्याने देणाऱ्याकडे तिथली परवानगी आहे का, हा पहिला प्रश्न. होडीची क्षमता किती, ती होडीवर लिहिली आहे का? प्रत्येकाच्या मापाचे जॅकेट आहे का? सोबत येणारा प्रशिक्षित आहे का? मदतीसाठी इंजिन असलेली दुसरी बोट काठावर तयार आहे का? पाण्याखालचे अडथळे कुठे आहेत? एवढी विचारणा पाच मिनिटांत होते. उत्तर देणारा वैतागला, तर तेही एक उत्तरच समजावे.

काही गोष्टी मित्रांनी आपसात ठरवायच्या असतात. मद्यपान परतल्यावरही नको आणि आधी तर नाहीच, हा नियम निदान होडीत बसणाऱ्या सर्वांनी दिवस संपेपर्यंत पाळावा. टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि भरपूर पिण्याचे पाणी सोबत घ्यावे, कारण पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन दुप्पट जाचते. कुठे जाणार आणि किती वाजता परतणार, हे काठावरच्या एकाला सांगून ठेवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे होडीचा प्रमुख एकच असावा आणि ‘आज नको’ असे तो म्हणाला तर त्यावर मतदान घेऊ नये. पैसे भरले, लांबून आलो, पुन्हा सगळे कधी जमणार, ही कारणे वाऱ्याला कळत नाहीत. बेत फसला तरी काठावर चूल मांडता येते, आणि तलाव पुढच्या रविवारीही तिथेच असतो.