लेखनासाठी कँडीला : परदेशातील शिबिर आणि सहल यांची आखणी

"सवड मिळाली की लिहीन" हे वाक्य आपल्यापैकी किती जणांच्या तोंडी आहे, याची गणती करणे अवघड आहे. नोकरीत असेपर्यंत नोकरी आडवी येते. सेवानिवृत्तीनंतर नातवंडे, लग्नकार्ये आणि दवाखाना. वही कपाटातच राहते. यावर उपाय म्हणून आठ-दहा मंडळींनी मिळून काही दिवस परमुलखात जाऊन राहावे, लिहावे आणि त्याच प्रवासात प्रेक्षणीय स्थळेही पाहून घ्यावीत, ही कल्पना आता बऱ्याच ठिकाणी मूळ धरू लागली आहे. आम्ही काही मित्रमैत्रिणींनी हा प्रयोग श्रीलंकेत दोनदा केला. एकदा तो फसला, एकदा साधला. त्या अनुभवावरून काही गोष्टी वाचकांपुढे ठेवीत आहे.

परदेशीच कशाला, लोणावळ्याला काय वाईट, असे कोणीही विचारील. आम्हीही ते करून पाहिले होते. लोणावळ्याहून तिसऱ्या दिवशी एक जण पुतण्याच्या साखरपुड्याला गेला, दुसरा त्याला सोबत म्हणून गेला, आणि उरलेल्यांनी चिक्की घेऊन घर गाठले. समुद्र ओलांडल्यावर बारशासाठी कोणी परत येत नाही, आणि घरचेही बोलावीत नाहीत. श्रीलंका मुंबईहून विमानाने अडीच-तीन तासांच्या अंतरावर आहे. भात-भाजीचे जेवण आपल्या पोटाला परके नाही. मात्र शाकाहारी मंडळींनी नारळाच्या चटणीत वाळवलेल्या माशाचा चुरा नाही ना, हे विचारून घ्यावे.

पहिल्या खेपेस, २०१७ साली, आम्ही अडतीस जण गेलो. कार्यक्रमपत्रिकेवर मोठ्या अक्षरांत 'लेखन-शिबिर व पर्यटन' असे छापले होते. सात दिवसांत पाच गावे. सकाळी सहाला बस, रात्री नऊला नवे हॉटेल, बॅगा वर, बॅगा खाली. लेखनासाठी रोज 'रात्री ९.३० ते १०.३०' असा वेळ ठेवला होता. त्या वेळी अर्धे झोपलेले असत आणि अर्धे फोटो पाहत असत. आमच्यात एक गुरुजी होते, वय वर्षे एक्याऐंशी. गावातून मॅट्रिक झालेला पहिला मुलगा ते. वसतिगृहातले दिवस, तिथला भात, कंदिलाखाली केलेला अभ्यास ते फार सुरेख सांगत. "हे सगळं इथं बसून लिहून काढतो," असे म्हणून त्यांनी दोन कोऱ्या वह्या आणल्या होत्या. त्या कोऱ्याच परत गेल्या. २०१९ साली गुरुजी वारले. आमच्यापाशी त्यांचे राहिले आहेत ते बससमोर काढलेले फोटो.

दुसऱ्या खेपेची सर्व आखणी या एका चुकीवरून केली. लिहिणे आणि पाहणे एकाच दिवसात सारख्या वाट्याने बसत नाही. पाहणे नेहमी जिंकते, कारण त्याला तिकीट असते, गाडी असते आणि वेळ ठरलेली असते. म्हणून आधी एका जागी बसायचे, लिहायचे आणि मगच हिंडायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही अकरा जण गेलो. पहिले पाच दिवस कँडी, शेवटचे तीन दिवस प्रवास. अकरा ही संख्याही विचारपूर्वक ठरवली होती. एका छोट्या बसमध्ये मावतात, एका टेबलाभोवती बसतात, आणि प्रत्येकाचे एक पान ऐकायचे तरी संध्याकाळ पुरते.

कँडी समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे कोलंबोइतका घाम नाही. गावाच्या मध्यभागी तळे आहे. ते शेवटचा राजा श्रीविक्रम राजसिंह याने १८०७ साली बांधले. काठावर दळदा मालिगावा, म्हणजे दंतधातूचे विहार. तळ्याकाठीच १९५८ साली स्थापन झालेल्या बुद्धिस्ट पब्लिकेशन सोसायटीचे पुस्तकांचे दुकान आहे. आमच्यापैकी दोघांचे पैसे पहिल्याच दिवशी तिथे संपले. जुलै-ऑगस्टमध्ये एसळ पेरहेराची मिरवणूक असते. ती जन्मात एकदा पाहावी, पण लिहिण्याच्या बेताने तेव्हा जाऊ नये. खोल्या महाग आणि रस्ते तुडुंब. पौर्णिमेला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, विहारांत मोठी गर्दी असते. दिनदर्शिका पाहूनच तारखा ठरवाव्यात. जानेवारी ते एप्रिल हा काळ बरा. नोव्हेंबर २०२५ मधील दितवाह चक्रीवादळाने डोंगराळ भागातील रस्ते व लोहमार्ग यांची मोठी हानी झाली होती, तेव्हा कोलंबोहून रेल्वेने जायचे की रस्त्याने, हे निघण्यापूर्वी चौकशी करून ठरवावे.

राहण्यासाठी मोठे हॉटेल नको. कुटुंबाने चालवलेले अतिथिगृह पूर्ण घ्यावे. खोलीपेक्षा व्हरांडा पाहावा. लिहायला टेबले किती, दिवे कसे, आणि बाजूला लग्नाचे सभागृह नाही ना, हे तीन प्रश्न आम्ही आधी विचारले. मालकीणबाईंना आमच्या तिसऱ्या प्रश्नाचे फार हसू आले.

दिनक्रम साधा होता. साडेसहाला चहा. सात ते साडेअकरा लेखन, मध्ये न्याहारी. या वेळात मोबाइल एका पिशवीत आणि पिशवी मालकीणबाईंच्या कपाटात. दुपारी जेवण व विश्रांती. चार वाजता तळ्याभोवती फेरी किंवा पेरादेनियाची वनस्पतिबाग. संध्याकाळी वाचन : प्रत्येकाने त्या दिवसाचे एकच पान वाचायचे, आणि ऐकणाऱ्यांनी शुद्धलेखनावर बोलायचे नाही. हा शेवटचा नियम आमच्यातील दोन निवृत्त शिक्षकांना फार जड गेला.

चौथ्या दिवशी अर्धा दिवस अलुविहारला गेलो. लेखनाच्या दिवसांत बाहेर पडण्याची एवढीच सवलत ठेवली होती, आणि तिला कारण होते. कँडीपासून सुमारे तीस किलोमीटरवर, माताळेच्या पुढे, हे गुहाविहार आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, वट्टगामणी अभय राजाच्या काळी, त्रिपिटक प्रथम लिपिबद्ध झाले ते इथे, अशी परंपरा आहे. तोपर्यंत ते पाठांतरावर चालत आले होते. मग परचक्र आले, मोठा दुष्काळ पडला, आणि ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होते ते मरू लागले. महानिद्देस हा ग्रंथ एका वेळी अवघ्या एका भिक्षूला पाठ उरला होता. त्याचे आचरण चांगले नव्हते, तरी इतरांनी त्याच्याकडून तो शिकून घेतला, अशी हकिगत अट्ठकथेत आहे. पुढे १८४८ च्या बंडात इंग्रजांच्या हातून येथील ग्रंथालय नष्ट झाले. आज तिथे ताडपत्रावर कसे लिहीत हे करून दाखवतात. पान उकळून, वाळवून, घासून गुळगुळीत केलेले असते. त्यावर लोखंडी कंटकाने अक्षर कोरतात. कोरलेले डोळ्यांना दिसतच नाही. मग तेलात कालवलेली काळी शाई चोळून फडक्याने पुसली, की शाई रेघांत राहते आणि अक्षरे उमटतात.

आमच्याबरोबरच्या ताई त्या वेळी चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या. आईने गिरणीत बदलीवर काम करून पाच मुले वाढवली, ते सर्व त्यांना तारीखवार आठवते. तीन दिवस त्या नुसत्या ऐकत होत्या, "मला कुठं लिहिता येतं" म्हणत होत्या. एका भिक्षूची गोष्ट त्यांनी परतीच्या वाटेवर दोनदा विचारून घेतली. "म्हणजे तो गेला असता तर ते पुस्तकच गेलं असतं?" त्या रात्री त्यांनी वही मागितली. मग असे ठरले की त्या सांगतील आणि आमच्यातील परिचारिका भगिनी लिहून घेतील, एक शब्दही न बदलता. उरलेल्या दिवसांत त्या दोघींची एकतीस पाने झाली.

पुढच्या तीन दिवसांविषयी थोडक्यात सांगतो. दांबुल्ल, सिगिरिया, अनुराधपुर, हा क्रम रस्त्याच्या दृष्टीने सोयीचा. वट्टगामणी राजा परचक्राच्या काळात दांबुल्लच्या गुहांत लपला होता, असे सांगतात. सिगिरियाला सुमारे बाराशे पायऱ्या आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खाली बागेत बसावे, संकोच करू नये. जे चढतील त्यांनी वाटेतली आरसेभिंत नीट पाहावी. शेकडो वर्षे येणाऱ्या प्रवाशांनी वरची चित्रे पाहून या भिंतीवर आपल्या कविता कोरल्या, त्यांत स्त्रियांच्याही आहेत. सेनरत परणवितान यांनी त्यांतील ६८५ वाचून १९५६ साली प्रसिद्ध केल्या. आता मात्र भिंतीला हातही लावू नये. २०१५ साली तिच्यावर नाव कोरणाऱ्या एका तरुणीला दोन वर्षांची शिक्षा झाली होती, पुढे राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. अनुराधपुरला महाविहाराच्या परिसरात जाताना बुद्धघोषांची आठवण होते. पाचव्या शतकात त्यांनी विसुद्धिमग्ग लिहिला तो याच नगरीत. आपल्या गोव्याचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली पाली शिकण्यासाठी सिंहलद्वीपाला आले. या ग्रंथाच्या संपादनावर त्यांनी अनेक वर्षे घालवली. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० साली, ते गेल्यानंतर तीन वर्षांनी.

विहारांत जाताना खांदे व गुडघे झाकलेले हवेत. टोपी आणि चपला बाहेर. दुपारी दगड तापतात, म्हणून जाड मोजे जवळ ठेवावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे तिथे अवमान समजतात. सार्क देशांच्या नागरिकांना बऱ्याच ठिकाणी सवलतीचे तिकीट असते, ते मूळ पासपोर्ट दाखवून मागावे. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. प्रवेश-परवान्याचा अर्ज निघण्यापूर्वी करायचा असतो. त्याचे नियम व शुल्क वरचेवर बदलतात, म्हणून तेथील शासनाच्या संकेतस्थळावरच पाहावे.

पैशांबाबत एवढेच की, आम्ही दरमहा पाच हजार असे अकरा हप्ते गोळा केले. हिशेब एकानेच ठेवला आणि परतल्यावर सर्वांना वाचून दाखवला. ताईंचे हप्ते चौघांनी वाटून घेतले, हे त्यांना सांगितले नाही. पण त्यांना कळले, आणि त्यांनी घरी बोलावून सर्वांना पुरणपोळी खाऊ घातली.

परतीनंतरचा कार्यक्रमही निघण्यापूर्वीच ठरवावा, नाहीतर वह्या पुन्हा कपाटात जातात. आम्ही दोन महिन्यांची मुदत दिली होती. अकरापैकी आठ जणांनी पाने दिली. ती टंकलिखित करून, झेरॉक्स काढून, एकेक प्रत प्रत्येकाकडे ठेवली. उरलेल्या तिघांपैकी एक मी आहे. ताईंची वही अजून संपलेली नाही; परिचारिका भगिनी एक रविवार आड त्यांच्याकडे जातात. गिरण्यांच्या संपाचे १९८२ साल आता सुरू झाले आहे.