‘आवडलं का?’ विचारून अ‍ॅप तपासता येत नाही

मोबाइल अ‍ॅप बनवणाऱ्यांमध्ये सगळ्यात घट्ट रुजलेला गैरसमज असा: प्रोटोटाइप म्हणजे अ‍ॅपचा कच्चा नमुना दहा जणांना दाखवला, ‘आवडलं का?’ असं विचारलं आणि नऊ जण ‘छान आहे’ म्हणाले, की युजर टेस्टिंग पार पडलं. या उत्तरांतून त्या नऊ जणांचा चांगुलपणा कळतो. अ‍ॅपबद्दल फारसं काही कळत नाही.

हे मोजून पाहिलेलं आहे. संशोधक निकोला डेल, इंद्राणी मेधी, विल्यम थीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरूमध्ये ४५० मुलाखती घेतल्या आणि २०१२ साली निष्कर्ष मांडले. पद्धत अशी: समोरच्याला दोन पर्याय दाखवायचे आणि त्यातला एक मुलाखत घेणाऱ्यानेच बनवलाय असं भासवायचं. दोन्ही पर्याय हुबेहूब सारखे असतानाही मुलाखतकाराचा पर्याय निवडण्याची शक्यता सुमारे अडीचपट निघाली. मुलाखत घेणारा परदेशी असेल आणि मध्ये दुभाषा लागत असेल, तर ती पाचपटीवर गेली. पुढे मुलाखतकाराचा पर्याय मुद्दाम, डोळ्यांना दिसेल इतका खराब केला, तरी लोक त्यालाच पसंती देत राहिले. आपल्याकडे कोणी लॅपटॉप घेऊन गावात आलं, चहा झाला, की त्याच्या कामाला तोंडावर नावं ठेवायची भीड पडतेच. ती माणसाची चूक नाही. प्रश्न चुकीचा होता.

मग करायचं काय? मत विचारायचं नाही, काम द्यायचं. समजा, दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांसाठी डेअरीचं अ‍ॅप आहे. ‘बिल उघडून दाखवा’ असं सांगितलं, तर शेतकरी ‘बिल’ लिहिलेलं बटण शोधतो आणि दाबतो. त्यातून तो वाचू शकतो एवढंच सिद्ध होतं. त्याऐवजी सांगावं, ‘या दहा दिवसांचे तुमच्या हातात किती पैसे येणार, ते यात बघून सांगा.’ आणि मग गप्प बसावं. बोट कुठे थबकलं, कुठल्या पडद्यावरून माघारी आलं, कपातीचा आकडा एकूण रक्कम समजून वाचला का, हे टिपत राहावं. मदत करायचा मोह फार होतो. पण ‘वर उजवीकडे बघा ना’ असं सांगितलं, की त्या बटणाची परीक्षा तिथेच संपते. सुरुवातीलाच ‘चाचणी अ‍ॅपची आहे, तुमची नाही’ हेही स्पष्ट सांगावं, कारण अडल्यावर बहुतेक जण स्वतःलाच दोष देतात.

दुसरा समज असा की प्रोटोटाइप म्हणजे अर्धवट बनलेलं अ‍ॅप, आणि त्यासाठी आधी प्रोग्रामर हवा. १९९६ साली बाजारात आलेल्या पाम पायलट या खिशात मावणाऱ्या छोट्या संगणकाचे जनक जेफ हॉकिन्स, ते यंत्र बनण्याआधी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा शर्टाच्या खिशात घेऊन फिरत. भेटीची वेळ ठरली की ठोकळा काढायचा आणि त्यावर नोंद केल्यासारखं करायचं. आकार खिशात मावतो का, कुठली गोष्ट खरोखर लागते आणि कुठली लागत नाही, हे त्यांना एकही सुटा भाग न जोडता कळत होतं. अ‍ॅपसाठी हेच काम कागद करतो. प्रत्येक पडदा एका कागदावर काढायचा. समोरच्याने कागदावरच्या बटणावर बोट ठेवलं की सहकाऱ्याने पुढचा कागद सरकवायचा. कागदावर पेन्सिलीने काढलेल्या चित्राला ‘हे कळत नाही’ म्हणणं सोपं जातं. रंगीत, चकचकीत पडदे समोर आले की बोलणं रंगावर आणि लोगोवर जातं, शिवाय इतकी मेहनत दिसल्यावर चूक दाखवायला मन धजत नाही.

लोक किती हवेत, यावर दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणतं शेकडो हवेत. दुसरं म्हणतं पाच पुरेत, संशोधनाने सिद्ध झालंय. पाचाचा आकडा युजर टेस्टिंगचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांचा. एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, या हिशोबाने पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात, असं त्यांनी २००० साली लिहिलं. पण त्याच लेखातला सल्ला सहसा सांगितला जात नाही: पंधरा जणांची सोय असेल, तर त्यांना एकदम न बसवता पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा आणि दर फेरीनंतर नमुना सुधारा. संशोधक लॉरा फॉकनर यांनी २००३ साली ६० जणांच्या चाचणीतून पाच-पाचचे गट काढून पाहिले, तेव्हा काही गटांना जवळपास सगळ्या अडचणी सापडल्या होत्या, तर एखाद्याला जेमतेम ५५ टक्के. म्हणजे पाच जणांची एकच फेरी हा भरवसा नव्हे. पाच जण कोण, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो. ऑफिसातलेच पाच सहकारी बसवले, तर डेअरीच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईची अडचण त्यातल्या कोणालाच येणार नाही.

‘मजकूर नंतर भरू’ हा समज मराठी अ‍ॅपना विशेष महाग पडतो. नमुन्यात इंग्रजी शब्द असतात तोवर सगळं नीटनेटकं दिसतं. ‘सेव्ह’च्या जागी ‘जतन करा’ आलं की बटण पुरत नाही, आणि ओळीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठेवली असेल तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. म्हणून पहिल्या कागदापासून खरा मराठी मजकूर हवा: खरी लांबलचक गावांची नावं, खरे आकडे.

कागदाने मात्र सगळं तपासता येत नाही. टायपिंग हे त्यातलं एक. कोणी आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाने बनवलेला स्वरचक्र कीबोर्ड वापरतो; त्यात व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती त्याची बाराखडी गोल उमटते आणि बोट सरकवून हवं ते अक्षर निवडता येतं. दुसऱ्या कोणाच्या फोनवर कीबोर्डच वेगळा असतो, तिसरा मराठी रोमन अक्षरांत लिहितो. नाव लिहायचा रकाना या सगळ्यांना झेपतो का, हे फोनवर चालणाऱ्या नमुन्यातच दिसतं, आणि तो फोन आपण नेलेला नको, त्या माणसाचा स्वतःचा हवा. शेतकऱ्यासोबतची चाचणी सकाळच्या दूध संकलनाच्या वेळी घ्यावी. तेव्हा हात ओले असतात, पडद्यावर ऊन पडतं, रेंज येते-जाते आणि मागचा माणूस घाई करत असतो.