जोड पक्का, वायर सैल

सकाळी ९.३०
शटर वर गेलं की आधी सोल्डरिंग स्टेशन चालू करतो. अकलूज उसाच्या पट्ट्यातलं गाव, त्यामुळे टेबलावर मोटारीचे ऑटो-स्विच, फवारणी पंपांचे चार्जर आणि मोबाइल. आज त्यात एक प्लेस्टेशन २ आलंय, पातळ मॉडेल. सोबत कॉलेजचा मुलगा आणि त्याची आई.
"दादा, इथल्या डिस्क चालतात, पण काकांनी अमेरिकेहून आणलेल्या घेत नाही. लाल स्क्रीन येतो."
भारतातलं मशीन पॅल विभागाचं, दुसऱ्या विभागाची डिस्क ते नाकारतं. पूर्वी कुणीतरी आत चिप बसवून ही अडचण सोडवली होती. म्हणजे लेन्स ठीक, दोष चिपच्या बाजूला.

सकाळी १०.३०
अडॅप्टर काढून मशीन थोडा वेळ तसंच ठेवलं, कपॅसिटर रिकामे होऊ दिले, मग स्क्रू काढले. झाकणावर चिप चालू-बंद करायचं बटण, तिथून दोन वायरी चिपच्या पट्टीवरच्या दोन पिनांच्या कनेक्टरला. मागे कुणीतरी झाकण झटक्यात उचललेलं दिसतं. सॉकेट फुटलंय, एक पिन वाकलीय, दुसरीची वायर मानेपाशी तुटलीय. भिंगातून पाहिलं, तांब्याचे पॅड शाबूत. मीटर बीपवर लावला. बटण ठीक, कुठेही शॉर्ट नाही.

दुपारी १२
"मग वायर डायरेक्ट जोडून टाका की," आई म्हणाल्या.
"ताई, आज चालेल. पण पुढच्या वेळी झाकण उघडलं की वायर थेट पॅड ओढणार, आणि पॅड निघाला की चिपही जाते. कनेक्टर असतो तो सोडवता यावा म्हणून."
"किती वाजता येऊ?"
"सहाला या."

दुपारी १.३०
लाइट गेली. जेवून भंगाराचा डबा काढला. एका चार्जिंग टॉर्चच्या बॅटरीला दोन पिनांचा कनेक्टर मिळाला. यात २ मिलिमीटर आणि अडीच मिलिमीटर अंतराचे दोन प्रकार येतात, नुसत्या नजरेला सारखेच. कॅलिपर लावला, २ भरला. हवा तोच.

दुपारी ३
लाइट आली. गन ३५० अंशांवर. जुना जोड शिसेविरहित सोल्डरचा, तो २१७ अंशांच्या पुढे वितळतो. त्यावर फ्लक्स आणि थोडं शिसेवालं सोल्डर सोडलं की मिश्रण लवकर सुटतं. वातीने ते शोषून घेतलं, भोकं मोकळी झाली. टोक एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचं नाही, नाहीतर पॅड उचलतो.
मग वायरीची पिन. तिला पंखांच्या दोन जोड्या असतात, पुढची जोडी तांबं धरते, मागची प्लास्टिकचं आवरण. ओढ मागच्या जोडीने सोसायची असते. आधीच्या कामात ती दाबलेलीच नव्हती, नुसतं सोल्डर ओतलेलं. सोल्डर तारेच्या केसांमध्ये चढतं, तेवढा भाग कडक होतो, आणि जिथे कडकपणा संपतो तिथेच तार वाकून तुटते. म्हणून या वेळी दोन्ही जोड्या क्रिम्परने दाबल्या. पिन ओढून पाहिली, हलली नाही.

संध्याकाळी ५
वायरीला मुद्दाम एक सैल वळसा ठेवला आणि जोडापासून थोडी अलीकडे ती कॅप्टॉन टेपने बोर्डला चिकटवली. आता झाकण उचललं तरी ताण टेपवर येईल. आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स पुसला. मशीन चालू करून चिपच्या पायांवर मोजलं, ३.३ व्होल्ट.

संध्याकाळी ६.१५
काकांची डिस्क लागली. मुलगा आधी मेमरी कार्ड बघायला धावला, जुने सेव्ह सगळे जागेवर होते. प्लेस्टेशन २ सन २००० मध्ये आलं, २०१३ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, आणि मधल्या काळात जगभर १५ कोटींहून अधिक विकली गेली. नवीन आता निघत नाहीत. आहेत ती दुरुस्त करूनच टिकवायची.

रात्री ८
झाकण बसवण्याआधी त्याच्या आत कागदाची पट्टी चिकटवली होती: 'झाकण हळू उचला, आधी कनेक्टर सोडवा.' आपण बदललेल्या मशीनमध्ये पुढच्या कारागिरासाठी एवढं लिहून ठेवणं हा दुरुस्तीचाच भाग आहे. कंपनीचा नकाशा त्याला कुठूनही मिळेल, आपण जोडलेल्या वायरीचा मात्र फक्त आपल्याकडूनच मिळणार.