न्हाणीघरातील कुबट वास आणि श्रावकाचा यत्नाचार

सम्मेदशिखरजीची यात्रा आटोपून पंधरा-वीस दिवसांनी कुटुंब घरी परतते. सामान उतरते, खिडक्या उघडल्या जातात आणि स्नान करून मंदिरात जायचे म्हणून कोणीतरी प्रथम न्हाणीघरात शिरते. शॉवर सुरू करताच पाण्याच्या पहिल्या फवाऱ्याबरोबर बंद तळघरात यावा तसा कुबट, ओलसर वास येतो. सूनबाई ब्लीचची बाटली आणायला निघतात. तेव्हा सासूबाई सहज विचारतात, "त्या औषधानं वास जाईल गं, पण तिथे जे जन्माला आलंय त्याचं काय?"

प्रश्न भाबडा वाटला तरी टाळण्याजोगा नाही. जैन घरात पाणी गाळून वापरण्याचा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. गाळण्यावर राहिलेले जीव पुन्हा त्याच जलाशयात पोचवण्याची जीवाणीची प्रथा आजही अनेक घरांतील वडीलधाऱ्यांना आठवते. त्याच घरातील शॉवरमध्ये मात्र पाणी दिवसेंदिवस साचून राहते आणि त्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही.

हा वास निर्माण कसा होतो, ते प्रथम पाहू. शॉवर बंद केला तरी त्याच्या तोंडात व लवचीक नळीत थोडे पाणी अडकून राहते. बोअरवेलचे पाणी जड असेल, तर त्यातील क्षार छिद्रांभोवती पांढऱ्या पापुद्र्यांच्या रूपाने बसतात. त्या खडबडीत पृष्ठभागावर सूक्ष्म जीव चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. विज्ञानात या थराला बायोफिल्म म्हणतात. अंधार, ओल, ऊब आणि स्थिर पाणी ही त्याच्या वाढीला पोषक अशी परिस्थिती शॉवरच्या तोंडात आयतीच मिळते. कुबट वास हा त्या थराचा आणि आसपासच्या बुरशीचा असतो.

ओल आणि मळ साचला की तेथे सम्मूर्च्छन जीवांची उत्पत्ती होते, ही शिकवण आपल्या परंपरेत जुनी आहे. शेवाळ आणि बुरशी यांची गणना अनंतकायात केली आहे. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे, आणि चांगल्या उकळलेल्या पाण्याची आठ प्रहर, म्हणजे २४ तास, अशी सांगितली जाते. हे नियम प्रामुख्याने पिण्याच्या व सोवळ्याच्या पाण्यासाठी आहेत हे खरे. परंतु साठलेले पाणी दीर्घकाळ जसेच्या तसे राहत नाही, ही त्यामागची दृष्टी न्हाणीघरालाही लागू पडते.

हा प्रश्न केवळ वासाचाही नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी नऊ शहरांतील ४५ शॉवरची तोंडे तपासून २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. फुफ्फुसांना बाधा करू शकणारे मायकोबॅक्टेरियम जातीचे जिवाणू त्यांतील अनेक थरांमध्ये मूळ पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक आढळले. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची साथ उद्भवली आणि पुढच्या वर्षी तिचे कारण असलेला लिजिओनेला हा जिवाणू ओळखला गेला. साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या साचलेल्या पाण्यात तो वाढतो आणि तुषारांबरोबर श्वासात शिरतो. प्रत्येक कुबट वासामागे असा जिवाणू असतो असे नाही, आणि वास नाही म्हणून तो नाही असेही नाही. निरोगी माणसाला यापासून सहसा अपाय होत नाही. मात्र घरात वृद्ध, दम्याचे किंवा फुफ्फुसाचे रुग्ण असतील तर दुर्लक्ष करू नये.

सफाईपूर्वी वास नेमका कोठून येतो ते शोधावे. नळाचे पाणी एका पेल्यात आणि शॉवरचे दुसऱ्या पेल्यात घेऊन न्हाणीघराबाहेर वास घ्यावा. दोन्हींना वास असेल तर टाकी धुण्याची वेळ झाली आहे असे समजावे. केवळ गरम पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर दोष बहुधा गीझरच्या टाकीत असतो. त्यासाठी कारागिराला बोलवावे. दोन्ही पेले निर्दोष असतील, तर जमिनीवरील जाळीकडे पाहावे. घर बंद राहिल्यास जाळीखालील वाकड्या नळीतील पाणी आटते आणि गटाराचा वास सरळ वर येतो. तांब्याभर पाणी ओतताच तो थांबतो. वास फक्त शॉवरच्या पाण्याला असेल, तरच पुढची सफाई करावी.

शॉवरच्या तोंडाभोवती जाड कापड गुंडाळून पान्याने ते हलकेच सैल करावे. आतील पाणी बादलीत काढावे, रबरी वायसर आणि बारीक जाळी अलग करावी. छिद्रांवरील क्षार जुन्या मऊ दातघासणीने घासावेत. रबरी छिद्रे असतील तर ती बोटाने चोळली तरी मोकळी होतात. उरलेला पापुद्रा सौम्य आम्लात विरघळतो. अनेक ठिकाणी यासाठी व्हिनेगर सुचवले जाते. परंतु ते आंबवून तयार होते म्हणून कित्येक जैन घरांत ठेवले जात नाही. बाजारातील सायट्रिक ॲसिडही मोठ्या प्रमाणावर किण्वनानेच बनवले जाते. ज्यांना हे टाळायचे आहे त्यांनी ताज्या लिंबाचा रस आणि कोमट पाणी समप्रमाणात घ्यावे. त्यात शॉवरचे तोंड अर्धा तास बुडवावे, पुन्हा घासावे आणि स्वच्छ पाण्याने धुवावे. सोनेरी किंवा रंगीत मुलामा असेल तर तेवढाही वेळ ठेवू नये. नंतर सर्व भाग पूर्ण कोरडे करून, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून ते बसवावेत. लिंबू, व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल ब्लीचबरोबर कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि लहानशा न्हाणीघरात तो प्राणावर बेतू शकतो.

या सफाईत सूक्ष्म जीवांचा घात होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. गृहस्थाच्या हातून घडणाऱ्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. स्वयंपाक, केर-पोतेरे, धुणे यांत घडते ती आरंभी हिंसा. श्रावकाला ती सर्वथा टाळता येत नाही, पण यत्नाचाराने ती कमी करता येते. तत्त्वार्थसूत्रातही हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला अग्रस्थान दिले आहे. महिनोन्‌महिने दुर्लक्ष करून थर वाढू द्यायचा आणि मग एका दिवशी तीव्र रसायन ओतायचे, यात प्रमाद आधीच घडलेला असतो. जीव उत्पन्नच होणार नाहीत अशी कोरडी जागा राखणे हा त्याहून श्रेयस्कर मार्ग आहे.

त्यासाठी रोज फार वेळ लागत नाही. स्नान झाल्यावर शॉवरचे तोंड तिरपे करून किंवा हलवून आतील पाणी काढून टाकावे. हातात धरायचा शॉवर असेल तर नळी सरळ खाली सोडावी, म्हणजे ती रिती होते. भिंतीवरचे पाणी पुसणीने ओढून घ्यावे आणि खिडकी उघडी ठेवावी किंवा पंखा लावावा. पावसाळ्यात भिंती लवकर वाळत नाहीत, म्हणून चातुर्मासात ही काळजी विशेष घ्यावी. साठवणीच्या गीझरमधील पाणी ६० अंशांपर्यंत तापेल असे पाहावे; मात्र एवढ्या पाण्याने अंग भाजते, म्हणून थंड पाणी मिसळूनच ते वापरावे. यात्रेला निघताना शॉवरचे तोंड काढून, वाळवून कपाटात ठेवावे. परतल्यावर ते बसवण्यापूर्वी मोकळ्या नळातून साचलेले पाणी तुषार न उडवता सावकाश बादलीत काढावे. ते संडासासाठी वापरता येते.

रोजचे स्नान बादलीने करणाऱ्या घरात शॉवर काढून ठेवून त्या नळाला घट्ट टोपण लावले तरी चालते. सामान्य शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज वाहते. एका बादलीत मात्र संपूर्ण स्नान होते. जलकायिक जीवांच्या रक्षणाचा विचार करता ही काटकसरही लहान नाही.

सासूबाईंच्या प्रश्नाला ब्लीचच्या बाटलीत उत्तर नव्हते. यात्रेला निघण्याच्या सकाळी शॉवर काढून उन्हात ठेवायला पाच मिनिटे पुरली असती. पुढच्या यात्रेच्या वेळी सामानाच्या यादीत तेवढी एक ओळ वाढवावी.