मोबाइल ॲपची घडण : ‘मागे’ म्हणजे नेमके कुठे?

मोबाइल ॲप वापरताना एका वेळी एकच स्क्रीन डोळ्यांसमोर असते. परंतु तिच्याखाली कोणत्या स्क्रीन कोणत्या क्रमाने दडलेल्या आहेत याची नोंद ठेवणे, आणि वापरणाऱ्याने मागे जाण्याची खूण केली की त्यांपैकी नेमकी कोणती वर आणायची हे ठरवणे, या कामाला नॅव्हिगेशन म्हणतात. मागील भागात ओळख करून दिलेली, फेसबुकने २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली ‘रिॲक्ट नेटिव्ह’ ही मोबाइल ॲप घडवण्याची प्रणाली आरंभी हे काम स्वतःच करीत असे. मात्र तिचे त्यासाठीचे घटक एकामागून एक अपुरे ठरले आणि २०१७ च्या जानेवारीत पुढे आलेल्या ‘रिॲक्ट नॅव्हिगेशन’ या स्वतंत्र लायब्ररीकडे, म्हणजे इतरांनी आपल्या ॲपमध्ये जोडून घ्यावा अशा तयार कोडच्या संचाकडे, ती जबाबदारी बहुतांशी गेली.

या लायब्ररीचा पाया ‘स्टॅक’ हा आहे. पंगतीनंतर धुऊन ठेवलेल्या ताटांची चवड असते तशी ही स्क्रीनची चवड असून, नवी स्क्रीन वर ठेवण्याच्या क्रियेला ‘पुश’ आणि वरची काढून घेण्याच्या क्रियेला ‘पॉप’ म्हणतात. ठाकुर्लीच्या प्रवाशाला लोकलचे तिकीट काढून देणारे एखादे ॲप कल्पिले, तर त्यात मुख्य स्क्रीन, स्थानकांची निवड, पैसे भरण्याची स्क्रीन आणि शेवटी प्रत्यक्ष तिकीट अशी चवड चढत जाते. तिकीट हाती आल्यावर प्रवाशाने मागे जाण्याची खूण केली आणि चवडीचा नियम अक्षरशः पाळला गेला, तर पैसे भरण्याची स्क्रीन पुन्हा समोर येईल आणि गाडी फलाटावर शिरत असताना गोंधळलेला माणूस दुसऱ्यांदा पैसे भरून बसेल. म्हणून अशा ठिकाणी ‘रीसेट’ ही क्रिया वापरून मधल्या स्क्रीन काढून टाकाव्या लागतात, जेणेकरून तिकिटाच्या खाली केवळ मुख्य स्क्रीन उरते.

येथपर्यंतचा भाग सरळ आहे. खरी अडचण दिलेल्या नावाच्या स्क्रीनकडे नेणाऱ्या ‘नॅव्हिगेट’ या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या क्रियेत होती. जलद गाड्या साधारणतः ठाकुर्लीला थांबत नसल्यामुळे तेथील प्रवासी शेजारच्या डोंबिवलीच्या गाड्याही पाहतो. समजा, त्याने ॲपमध्ये ठाकुर्ली स्थानकाची स्क्रीन उघडली, तेथून एका धीम्या लोकलचा तपशील पाहिला आणि त्या तपशिलातील डोंबिवली या नावावर बोट ठेवले. ठाकुर्ली आणि डोंबिवली या कोडच्या दृष्टीने दोन स्क्रीन नाहीत. ‘स्थानक’ ही एकच स्क्रीन वेगवेगळ्या माहितीने भरली जाते. लायब्ररीच्या पाचव्या आणि सहाव्या आवृत्तीत ‘नॅव्हिगेट’ची आज्ञा मिळताच चवडीत त्या नावाची स्क्रीन आधीपासून आहे का हे पाहिले जाई आणि ती असल्यास तिच्यापर्यंतच्या वरच्या साऱ्या स्क्रीन काढून तिच्यातच नवी माहिती भरली जाई. परिणामी लोकलचा तपशील नाहीसा होई, ठाकुर्लीच्या जागी डोंबिवली येई आणि प्रवासी मागे गेला की थेट मुख्य स्क्रीनवर पोहोचे. पुढे निघालेल्या माणसाला न विचारता मागे नेणारी ही आज्ञा होती. जाणकार प्रोग्रामर अशा ठिकाणी ‘पुश’ वापरीत, परंतु नवशिक्याला दोष कोठे आहे हेच उमगत नसे, कारण ॲप बंद पडत नसे आणि चूक दाखवणारा संदेशही येत नसे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने ही संदिग्धता काढली. आता ‘नॅव्हिगेट’ केवळ पुढे नेते. त्याच नावाची स्क्रीन सर्वांत वर असेल तरच तिच्यातील माहिती बदलते, आणि चवडीतील जुन्या स्क्रीनकडे परतायचे असल्यास ‘पॉपटू’ ही निराळी क्रिया स्पष्टपणे लिहावी लागते. जुन्या वागणुकीवर विसंबून लिहिलेल्या ॲपना या बदलाचा त्रास झाला असणार, हे उघड आहे. म्हणून ती वागणूक टिकवणारी एक तात्पुरती क्रियाही देण्यात आली. तरीही या आवृत्तीतील इतर सोयींपेक्षा हीच सुधारणा अधिक मोलाची मानावी लागते, कारण तिने लायब्ररीचा अंदाज बाजूला सारून प्रोग्रामरचा हेतू कोडमध्ये लिहावयास लावला.

स्क्रीनच्या हालचालीतील सफाई हा तुलनेने गौण प्रश्न असून, पोलंडमधील सॉफ्टवेअर मॅन्शन या कंपनीच्या ‘रिॲक्ट नेटिव्ह स्क्रीन्स’ या घटकाने फोनच्या मूळ यंत्रणेकडेच ते काम सोपवून तो बराचसा सोडवला आहे. अँड्रॉइडने २०२२ मध्ये तेराव्या आवृत्तीपासून आणायला सुरुवात केलेली, बोट उचलण्यापूर्वीच मागची स्क्रीन डोकावून दाखवणारी खूण मात्र निराळी मागणी करते. मागे काय आहे याचे उत्तर बोट सरकू लागण्याआधीच फोनकडे असावे लागते. खूण पूर्ण झाल्यावर विचार करून निर्णय घेण्याची सवय लागलेल्या ॲपना म्हणूनच आपली रचना बदलावी लागते.

एक प्रसंग मात्र असा आहे की जेथे मागे काहीच नसते. ॲप बंद असताना गाडी उशिरा धावत असल्याच्या सूचनेवर बोट ठेवून प्रवासी थेट त्या गाडीच्या स्क्रीनवर उतरला, तर चवडीत तेवढी एकच स्क्रीन असते आणि मागे जाताच ॲप बंद होते. अशा सूचनेतील दुवा कोणत्या स्क्रीनकडे नेतो हे सांगणाऱ्या मांडणीत आरंभीची स्क्रीन नमूद केल्यास लायब्ररी ती आपणहून खाली ठेवते. ही मांडणी कशी लिहावी, हा पुढील भागाचा विषय आहे.